व्याह्यांच्या चिठ्ठ्या

ज्याच्या साध्या बोलण्यालाही तळटीप असते, असा मनुष्य मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते माझे व्याही होते. माझ्या मुलाचे सासरे. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या बेंगळुरूच्या चामराजपेटमध्ये गेल्या होत्या. मी पुण्याहून सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलो आणि येलहंक्यात राहिलो. माझा व्यवसाय यंत्रांचा, त्यांचा ग्रंथांचा. शहरातल्या एका सामाजिक शास्त्रांच्या संशोधन संस्थेत ते चाळीस वर्षे संदर्भ ग्रंथपाल होते. संदर्भ विभागातले ग्रंथ घरी नेता येत नाहीत. जनगणनेचे खंड, जिल्ह्यांची गॅझेटियरे, कोश, निरनिराळ्या आयोगांचे अहवाल, सूचींच्या सूची. हे सारे तिथेच बसून पाहायचे आणि तिथेच ठेवायचे. व्याहीही त्या ग्रंथांपैकीच होते. त्यांनाही तिथून हलवता येत नसे. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते नेहमीप्रमाणे आपल्या टेबलाशी जाऊन बसले, आणि त्यांना उठवण्याचे धैर्य संस्थेत कोणाला झाले नाही.

त्यांची माझी पहिली भेट त्यांच्या कन्येला पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. पाहण्याचा कार्यक्रम मुलीचा होता. तपासणी आमची झाली. मुलाची पत्रिका हातात घेऊन त्यांनी ती शेवटच्या ओळीपासून वर वाचत नेली आणि जन्मवेळेपाशी थांबले. "सहा वाजून दहा मिनिटं. हे कुणी नोंदवलं?" माझी पत्नी म्हणाली, "कुणी म्हणजे? मीच होते की तिथं!" व्याही अत्यंत आदराने म्हणाले, "ते खरंच. पण आपण त्या वेळी घड्याळ पाहण्याच्या स्थितीत होता काय?" आतून मुलीचा आवाज आला, "अण्णा, पुरे!" त्यांनी मान डोलावली, खिशातून पेन्सिल काढली आणि पत्रिकेच्या समासात बारीक अक्षरात लिहिले: 'मातेच्या सांगण्यावरून. दुजोरा नाही.' परतताना पत्नी बसमध्ये म्हणाली, "मुलगी छान आहे. वडिलांना काहीतरी झालंय." मी तिला सांगितले, की त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. लग्न ठरले. ती पत्रिका अजून माझ्याकडे आहे, त्या शेऱ्यासकट.

ग्रंथ ते मागून वाचत. प्रथम निर्देशसूची, मग संदर्भसूची, मग तळटिपा, आणि तरीही इच्छा उरलीच तर मजकूर. ती बहुधा उरत नसे. लेखक मजकुरात लोकांसाठी लिहितो आणि सूचीत स्वतःला उघडे करतो, असे त्यांचे मत होते. पुण्याहून आलेली एक संशोधिका आपला प्रबंध त्यांना मोठ्या आनंदाने दाखवायला घेऊन आली. पाचशे पानांचा होता. व्याह्यांनी शेवटची बारा पाने चाळली आणि प्रबंध मिटला. "बाळ, विषय दुष्काळ आहे ना?" ती म्हणाली, "हो सर." "मग सूचीत 'भूक' हा शब्द कसा नाही तो?" ती पोर वाचनकक्षातून रडत बाहेर गेली. तीन वर्षांनी त्या प्रबंधाचे पुस्तक झाले आणि पहिली प्रत तिने व्याह्यांना आणून दिली. सूचीत 'भूक' होती. पुढे अकरा पृष्ठांचे क्रमांक होते. व्याही अकराही पृष्ठे उघडून पाहत बसले. मी शेजारी होतो. मला वाटले, आता शाबासकी देतील. ते म्हणाले, "सरी, ठीक. दहा बरोबर आहेत."

त्यांच्या धंद्याचा म्हणून एक नियम होता आणि तो त्यांनी संसारालाही लावला होता. ते प्रश्नाचे उत्तर देत नसत. उत्तर कुठे आहे ते सांगत. उत्तर त्यांना येत नसे असे नव्हे. बहुतेक वेळा ते त्यांना पृष्ठासकट पाठ असे. पण 'मी सांगितलं तर ते माझं झालं, तुम्ही पाहिलंत तर तुमचं,' असे म्हणून ते कपाटाकडे बोट दाखवीत. आई लवकर गेल्यामुळे मुलीला त्यांनीच वाढवले, आणि त्यामुळे तिचे बालपण स्टुलावर चढण्या-उतरण्यात गेले. रिक्षावाल्याने चिकपेटचा रस्ता विचारला, तर ते त्याला शहराचा चांगला नकाशा कुठे पाहायला मिळेल ते सांगत. एकदा आमच्याकडे जेवताना ते म्हणाले, उपमा चांगला झाला आहे. पत्नीने विचारले, "मीठ बरोबर आहे ना?" त्यांनी मिठाचा डबा उचलून शांतपणे तिच्या पुढे ठेवला.

माझी पत्नी गेली तेव्हा ते चामराजपेटहून दोन बस बदलून येलहंक्याला आले. घरात माणसे होती. प्रत्येकजण काही ना काही सांगत होता: धीर धरा, देवाची इच्छा, मुलाकडे जाऊन राहा. व्याही भिंतीला टेकून तीन तास बसले. एक शब्द बोलले नाहीत. सगळे गेल्यावर मी त्यांना विचारले, "आता काय करायचं असतं?" असा प्रश्न मी कोणालाही विचारत नाही. त्यांनाही पूर्वी कधी विचारला नव्हता. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "माहीत नाही. बायको गेली तेव्हा मी पुष्कळ शोधलं. नोंद सापडत नाही."

त्या दिवसानंतर मी दर मंगळवारी त्यांच्या ग्रंथालयात जाऊ लागलो. मला समाजशास्त्रात गोडी नाही. मी बसून माझी मासिके वाचत असे, ते आपले काम करीत. दुपारी दोघे फाटकाबाहेर जाऊन उभ्याने कॉफी घेत असू. आमचे बोलणे दिवसाला दहा वाक्यांहून अधिक होत नसे. ते पुरत असे.

त्यांचे काम म्हणजे चिठ्ठ्या. हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. संदर्भग्रंथात चुका असतात. तक्त्याची बेरीज जुळत नाही, एका खंडात एका तालुक्यात असलेले गाव पुढच्या खंडात दुसऱ्या तालुक्यात जाते, एखादा अहवाल जिचा आधार घेतो ती पुरवणी छापलेलीच नसते. सामान्य ग्रंथपाल हे पाहत नाही. व्याही पाहत. चूक सापडली की ते दोन बोटे रुंदीची चिठ्ठी लिहीत आणि त्या पानात ठेवून देत. 'स्तंभ चारची बेरीज चुकली. खालून तिसरी ओळ पाहा.' 'हे गाव मागील खंडात दोनदा मोजले आहे.' 'येथे लेखक स्वतःचेच पूर्वीचे मत विसरला. मागचे प्रकरण पाहा.' ग्रंथावर लिहिणे त्यांना पाप वाटे. माझ्या मुलाच्या जन्मपत्रिकेवर मात्र वाटले नाही. चाळीस वर्षांत त्या विभागातल्या बहुतेक ग्रंथांना अशा चिठ्ठ्यांची झालर लागली होती. दूरदूरचे संशोधक येत ते त्या ग्रंथांसाठी नव्हे. तेच ग्रंथ त्यांच्याही गावी होते. ते या चिठ्ठ्यांसाठी येत.

चिठ्ठ्यांचा कागद लग्नपत्रिकांचा असे. पत्रिकेचा कागद जाड असतो, वाकत नाही, आणि मागची बाजू बहुधा कोरी असते. संस्थेतल्या प्रत्येकाच्या घरची पत्रिका त्यांच्याकडे येई आणि ते ती प्रथम उलटून पाहत. पाठीमागे गणपती छापला असेल तर कपाळाला आठी पडे. आमच्या मुलांच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः छापून घेतली. मागची बाजू पूर्ण कोरी. पाहुण्यांच्या यादीपेक्षा तीनशे पत्रिका जास्त छापल्या. विचारल्यावर म्हणाले, "पुढच्या दहा वर्षांची सोय पाहून सोडली, व्याहीबुवा."

आता मुख्य गोष्ट. ती लिहिण्यासाठीच हे सगळे लिहिले.

चार वर्षांपूर्वी संस्थेने संदर्भ विभागातले सर्व ग्रंथ स्कॅन करून घेण्याचे ठरवले. काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचे होते. त्यासाठी कामाच्या अटींचा मसुदा हवा होता. संचालकबाईंनी व्याह्यांना विचारले आणि त्यांनी माझे नाव सांगितले. "ज्याच्या वाक्याचा एकच अर्थ निघतो असा माणूस मला एकच माहीत आहे," असे ते म्हणाल्याचे बाईंनी मला कळवले. मी कारखान्यात तीस वर्षे असे मसुदे लिहिले होते. आठवड्यात चौदा कलमे लिहून दिली. देण्यापूर्वी ती व्याह्यांना दाखवायला नेली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्यांनी कागद हातात घेतले, वजन पाहिल्यासारखे केले आणि परत दिले. "तुमचं वाक्य मला तपासायला नको." माझ्या माहितीप्रमाणे न तपासता त्यांनी मान्य केलेली ती एकच गोष्ट.

कलम नऊ असे होते: 'स्कॅनिंगपूर्वी प्रत्येक ग्रंथातील पिना, टाचण्या, दोरे व सर्व सुटे कागद काढून टाकावेत.'

यंत्रात परका पदार्थ जाऊ नये, हे कलम मी आयुष्यभर प्रत्येक मसुद्यात लिहीत आलो. हात आपोआप लिहितो. त्या चिठ्ठ्या मी कित्येक मंगळवार डोळ्यांनी पाहत होतो. लिहिताना त्या मला आठवल्या नाहीत. याहून अधिक स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही.

व्याह्यांचे एकापाठोपाठ एक असे दोन्ही डोळे झाले. पाच आठवडे त्यांना घराबाहेर पडण्याची मनाई होती. त्याच पाच आठवड्यांत कंत्राटदाराची माणसे येऊन काम करून गेली. उत्तम काम केले. माझ्या चौदाही कलमांचे त्यांनी तंतोतंत पालन केले.

व्याही पुन्हा ग्रंथालयात आले त्या दिवशी मंगळवार होता. नव्या डोळ्यांनी ते प्रथम कपाटांकडे गेले. एक गॅझेटियर काढले, झटकले, ठेवले. दुसरे काढले. तिसऱ्यातूनही एकही चिठ्ठी पडली नाही, तेव्हा मी वाचायचे सोडून उभा राहिलो. तेवढ्यात शिवण्णा आला. शिवण्णा हा विभागातला जुना परिचर. व्याह्यांबरोबर त्याने तीस वर्षे काढली होती. तो आम्हा दोघांना जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेला. तिथे तांदळाच्या तीन गोण्या होत्या. कन्नड आणि मराठी मिसळून तो म्हणाला, "काढून टाका म्हणाले, सार. काढलं. टाकायचं कसं? तुमचं अक्षर आहे की ते."

पहिली गोणी उघडली. व्याह्यांनी वरची चिठ्ठी उचलली आणि वाचली: 'बेरीज चुकली. खालून तिसरी ओळ पाहा.' दुसरी: 'हे गाव मागील खंडात दोनदा मोजले आहे.' तिसरी: 'हे बरोबर नाही. पुढे पाहा.' चौथी त्यांनी वाचली नाही. तिथल्या पायरीवर ते बसले.

कोणती बेरीज? कोणते गाव? कशाच्या पुढे? कोणत्याही चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव नव्हते, खंड नव्हता, पृष्ठ नव्हते. चिठ्ठी पानातच होती. तिला पत्त्याची गरजच काय होती? ज्या माणसाने दोन पिढ्यांच्या संशोधकांना 'पृष्ठ क्रमांक कुठे आहे?' म्हणून रडवले, त्याने आपल्या हजारो चिठ्ठ्यांपैकी एकीवरही तो लिहिला नव्हता. शिवण्णाला हे कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने तोंडावर हात धरला. त्याला हसू आले होते. व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि तेही हसले. "बघितलंस काय, शिवण्णा? एखाद्या पोराने असं आणून दिलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली ढकलला असता."

संचालकबाई भल्या होत्या. त्यांना फार वाईट वाटले. त्या म्हणाल्या, ज्या चिठ्ठीला तिचे पान सापडेल ते पान चिठ्ठीसकट पुन्हा स्कॅन करू. सापडणार नाही तिचे मात्र काही करता येणार नाही. सारे जण कंत्राटदाराला दोष देत होते. इतकी अक्कल हवी होती, असे म्हणत होते. मीही तिथे उभा होतो. काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. मी मंगळवारऐवजी रोज येऊ लागलो. येलहंक्याहून सकाळी आठची बस. टेबलाच्या एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला मी, आणि शिवण्णा ग्रंथ काढून देणारा. चिठ्ठी कोणत्या ग्रंथाची हे ठरवण्याची रीत व्याह्यांनी पहिल्याच सकाळी शोधून काढली. ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती. ते चिठ्ठी वाचतच नसत. उलटून पाहत. मागे लग्नपत्रिकेचा छापील तुकडा असे. "'...प्पा यांची ज्येष्ठ क...' शिवण्णा, ही तुझ्या थोरलीची पत्रिका. त्या वर्षी मी कुठे होतो?" शिवण्णा डोळे मिटून सांगे, "मजुरीच्या अहवालांत होतात, सार. खिडकीकडच्या कपाटाशी. फणसाचा फार वास यायचा तिथे." मग मजुरीचे अहवाल निघत. त्यांतले चुकलेल्या बेरजेचे पान मी शोधत असे. बेरजा मला येतात. माझा उपयोग एवढाच होता. एका पत्रिकेवरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. व्याह्यांच्या मते ती लेखापालाच्या मुलाची होती, शिवण्णाच्या मते त्याच मुलाच्या दुसऱ्या लग्नाची. शिवण्णा म्हणाला, "पहिल्या लग्नात जेवण बरं होतं. पत्रिका इतकी जाड नव्हती." तो बरोबर निघाला. चिठ्ठीचे पान शिक्षणाच्या वार्षिकात सापडले नाही, आरोग्याच्या वार्षिकात सापडले.

सापडलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर व्याही आता ग्रंथ, खंड, पृष्ठ आणि ओळ लिहीत. मगच ती पानात जाई. दिवसाला चाळीस होत, कधी साठ. पहिली गोणी चार महिन्यांत संपली. ती रिकामी झाली तेव्हा व्याह्यांनी तिची घडी घालून शिवण्णाच्या हाती दिली आणि फाटकाबाहेर तिघांसाठी कॉफी सांगितली. शिवण्णाबरोबर कॉफी घेण्याची तीस वर्षांतली ती पहिली वेळ, असे शिवण्णाने मला नंतर सांगितले.

या महिन्यांत त्यांच्यासमोर बसून कलम नऊविषयी सांगावे असे मला अनेकदा वाटले. मसुदा मी लिहिला हे त्यांना ठाऊक होते. ते वाक्य त्यात होते हे ठाऊक नसावे, असे मी धरून चाललो होतो. एकदा मी सुरुवात केली. "व्याही, त्या मसुद्यात कलम नऊ..." त्यांनी हात वर केला. "स्वल्प थांबा. ही पत्रिका बघा, कुणाची वाटते?" मी पत्रिका पाहिली. पुन्हा विषय काढला नाही. मी भित्रा नाही असे माझे स्वतःविषयी मत होते. त्यास दुजोरा नाही.

दुसरी गोणी अर्धी झाली तेव्हा व्याह्यांच्या छातीत कळ येऊन गेली. आठवडाभर रुग्णालयात राहून ते परत आले आणि खुर्चीत बसताच कामाला लागले. त्या दिवशी एक गोष्ट घडली. मी एक चिठ्ठी हातात घेऊन विचार करीत होतो, की हा तक्ता शेतमजुरांचा की कुळांचा. ते समोरून म्हणाले, "शोधू नका. तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, निळ्या बांधणीचा खंड, दोनशे सहा." मी वर पाहिले. शिवण्णाही जागच्या जागी थांबला होता. त्यांनी उत्तर दिले होते. सबंध आयुष्यात न दिलेले उत्तर, विचारलेले नसताना. त्यानंतर ते भराभर उत्तरेच सांगत गेले. मी लिहून घेत होतो, शिवण्णा धावत होता. संध्याकाळी घरी जाताना शिवण्णा मला फाटकापाशी म्हणाला, "बरं नाही हे, सार." मला ते सकाळीच कळले होते.

दुसरी गोणी संपली. तिसरी उघडून नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी सकाळी ते आले नाहीत. मी साडेनऊपासून टेबलाशी बसलो होतो. पावणेदहाला शिवण्णाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. आम्ही दोघेही उठलो. चामराजपेटला पोचलो तेव्हा शेजारच्या अक्का दारातच उभ्या होत्या.

सूनबाई माझ्या मुलाबरोबर परदेशातून आली. तेराव्यानंतर ती मला म्हणाली, "बाबा, शेवटचं वर्ष अण्णा फोनवर फक्त त्या चिठ्ठ्यांबद्दल बोलायचे. त्या काढल्या कुणी, ते एकदा मला कळायला हवं होतं." मी म्हणालो, "कंत्राटदाराने." ती परत गेली.

तिसऱ्या गोणीचे काम शिवण्णा आणि मी चालू ठेवले आहे. दिवसाला दोन-तीन जागी लागतात. कधी एकही नाही. लग्ने शिवण्णाला आठवतात, पण व्याही त्या वर्षी कुठे होते हे आता दर वेळी आठवत नाही. बहुतेक चिठ्ठ्यांना पान सापडणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. आम्ही ते बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी सूनबाईला खरे काय ते लिहायला बसलो. कलम मी लिहिले होते, एवढीच गोष्ट. पण तिच्या वडिलांच्या सहवासात इतकी वर्षे काढल्यावर आठवणीतून उतारा देणे मला शक्य झाले नाही. वाक्य जसे होते तसे, पृष्ठासकट द्यायला हवे होते. करार संस्थेच्या स्वतःच्या कागदपत्रांबरोबर बांधून संदर्भ विभागातच ठेवला होता. तो मी सह्या झाल्यानंतर कधी उघडला नव्हता. शिवण्णाने काढून दिला. मी पृष्ठ सहा उघडले.

तिथे चिठ्ठी होती. व्याह्यांचे अक्षर. खाली तारीख होती. गोण्या उघडल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे काम सुरू झाले त्याच सकाळी, मी येण्यापूर्वी, नव्या डोळ्यांनी त्यांनी प्रथम हे पाहिले होते. आणि मग मी आल्यावर माझ्यासमोर वर्षभर बसले होते. इतर चिठ्ठ्यांना पत्ता मागाहून मिळाला. हिला जन्मतः होता.

'संदर्भ विभाग, स्कॅनिंगचा करार, पृ. ६, कलम ९, ओळ २. वाक्याचा अर्थ एकच निघतो. मसुद्यात दोष नाही. ज्यावर पत्ता नाही तो कागद सुटाच. दोष पत्ता न लिहिणाऱ्याचा, व मसुदा न वाचता परत देणाऱ्याचा. दोघे एकच. व्याहीबुवांनी मूळ पाहिले असल्यास एवढे पुरे.'

मी चिठ्ठी उलटून पाहिली. आता तशी सवय झाली आहे. मागे आमच्या मुलांच्या पत्रिकेचा तुकडा होता: माझ्या नावाची शेवटची दोन अक्षरे आणि त्यांच्या नावाची पहिली तीन.

शिवण्णाने विचारले, "कुठली आहे, सार? कुठे ठेवायची?" मी त्याला म्हणालो, ही आपल्या जागी आहे.

सूनबाईला पत्र लिहिले. उतारा दिला, पृष्ठ दिले, ओळ दिली. उत्तर तिचे तिने पाहावे. चिठ्ठी मी करारातच ठेवली. तिच्यावर पत्ता आहे. घरी नेली असती तरी हरवली नसती. पण संदर्भ विभागातले काही घरी नेता येत नाही.